काटा स्थिर असताना

मराठीत श्वासाच्या त्रासाला शब्द थोडेथोडके नाहीत. श्वास लागतो, चढतो, कोंडतो, अडकतो. जिना चढल्यावर धाप लागते, वय झाल्यावर दम लागतो, धुराने माणूस गुदमरतो आणि बंद खोलीत किंवा बंद नात्यात जीव घुसमटतो. उसासा, सुस्कारा आणि निःश्वास यांच्यातला फरक तर आपण पदवीच्या वर्गात हौसेने समजावून सांगतो. या सगळ्या शब्दसंपत्तीत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे: हवा भोवताली आहेच, ती पुरेनाशी झाली तर कारण शरीरात, मनात किंवा फार तर खोलीत शोधायचे. हवा पाठीवरच्या टाकीतून नळीने येत असेल, ती देणारे यंत्र दातांत धरलेले असेल आणि तरीही ती पुरत नसेल, तर त्या अवस्थेला काय म्हणावे, हे ठरवण्याची गरज आपल्या भाषेला पडलेली नव्हती. आम्हाला ती पडली. या लेखाचे निमित्त तेवढेच आहे.

‘आम्ही’ हे सर्वनाम इथे संपादकीय थाटाचे नव्हे, हे प्रथमच सांगितलेले बरे. स्कूबा डायव्हिंगमध्ये एकट्याने पाण्यात उतरायचे नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. प्रत्येकाला एक सोबती असतो, त्याला ‘बडी’ म्हणतात, आणि आपल्या टाकीइतकीच त्याच्या टाकीची जबाबदारी आपल्यावर असते. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे अनुभव एकाचा असला तरी त्याचा अर्थ दोघांनी मिळून, खुणांवरून लावायचा असतो. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात साहित्य शिकवतो, आणि गेली काही वर्षे सुट्ट्यांत पाण्याखाली जातो. पुढे जे घडले ते आमच्यापैकी कोणाला घडले, हे आम्ही जाणूनबुजून सांगत नाही. त्याने काही फरक पडत नाही.

प्रथम यंत्राविषयी. ‘रेग्युलेटर’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक तर पंख्याचे बटण येते किंवा गॅसच्या सिलिंडरवरचे झाकण. यांपैकी दुसरे आपल्या विषयाच्या बरेच जवळचे आहे. सिलिंडरात दाबाखाली कोंडलेला वायू शेगडीला झेपेल इतक्या दाबाने सोडणे, हे स्वयंपाकघरातल्या रेग्युलेटरचे काम. पाणबुड्याच्या रेग्युलेटरला तेच काम दोन टप्प्यांत करावे लागते. टाकीत भरलेल्या हवेचा दाब साधारण २०० बार असतो. टाकीच्या तोंडावर बसवलेला पहिला टप्पा तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबाहून नऊ-दहा बार अधिक, इतका करतो. तोंडात धरलेल्या दुसऱ्या टप्प्यात एक लवचीक पडदा असतो. आपण श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, तो एका दांडीला ढकलतो, दांडी झडप उघडते, आणि नेमक्या भोवतालच्या पाण्याच्या दाबाची हवा तोंडात येते. ओढणे थांबले की झडप बंद. पोहणारा जितका खोल, तितकी अधिक दाबाची हवा, आणि तीही मागितल्यावरच.

स्वयंपाकघराची ही तुलना आम्ही ओढूनताणून आणलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी घरगुती गॅसवर चालवण्याची खटपट चालू होती. एमिल गान्यां या अभियंत्याने इंजिनाला हवा तेव्हा, हवा तितका गॅस देणारी एक झडप तयार केली होती. नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो तिच्यासाठीच जणू त्याच्याकडे आला, आणि १९४३च्या हिवाळ्यात पॅरिसबाहेर मार्न नदीत नव्या उपकरणाची चाचणी झाली. कुस्तोने आपल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या पुस्तकात तिची हकिकत दिली आहे. पाण्यात आडवे असताना श्वास छान चाले. उभे राहिले की हवा भसाभसा वाहून वाया जाई. डोके खाली केले की श्वास मिळणे कठीण होई. परतीच्या वाटेवर कारण सापडले. उच्छ्वास बाहेर सोडणारे तोंड आणि हवा देणारी झडप यांच्यात सुमारे सहा इंचांचे अंतर होते, आणि पाण्यात सहा इंच वर किंवा खाली म्हणजे दाबात फरक. दोन्ही तोंडे शेजारी शेजारी आणली आणि प्रश्न मिटला.

आम्हाला ही हकिकत फार मोलाची वाटते. तिच्यात बिघाड असा कुठेच नव्हता. झडप उत्तम होती, नळ्या उत्तम होत्या, माणूस धडधाकट होता. दोष होता तो या तिघांच्या मांडणीत. श्वासाचा त्रास होतो तेव्हा दोषी भाग शोधून काढण्याची आपली पहिली ऊर्मी असते, आणि कित्येकदा ती बरोबरही असते. कित्येकदा ती नसते.

ती बरोबर ठरल्याचा अनुभव आधी सांगतो. अंदमानात, हॅवलॉक म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाजवळ, आम्ही तीस मीटरांवर उतरलो होतो. बोटीवर, पृष्ठभागावर आणि पहिल्या दहा-बारा मीटरांत सारे सुरळीत. खाली पोहोचल्यावर मात्र आमच्यापैकी एकाला प्रत्येक श्वास शहाळ्यातून बारीक नळीने पाणी ओढावे तसा ओढावा लागू लागला. खूण केल्याबरोबर दुसऱ्याने दाबमापकाकडे पाहिले. श्वास घेताना काटा खाली पडत होता, सोडताना पुन्हा वर येत होता. हे लक्षण पाठ्यपुस्तकी आहे. टाकीत हवा भरपूर आहे, पण ती बाहेर पडण्याची वाट अरुंद झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. मागे हात घालून टाकीची झडप पूर्ण उघडली आणि श्वास मोकळा झाला. आम्ही तपासणी आटोपल्यानंतर बोटीवरच्या एका तत्पर मदतनिसाने जाता जाता झडपेला शेवटचा पीळ दिला होता. झडप पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यावी, अशी एक जुनी पद्धत आहे. त्या नादात पूर्ण बंद करून पाव फेरा उघडली गेली, तरी हाताला दोन्ही सारखेच लागते. म्हणूनच हल्ली ‘पूर्ण उघडा आणि हात काढा’ असे शिकवतात.

वर त्रास का झाला नाही, हा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. समुद्रात दर दहा मीटरांना दाब एका वातावरणाने वाढतो. तीस मीटरांवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो, आणि तिथे छातीत घेतलेल्या तेवढ्याच आकाराच्या श्वासात हवा चौपट भरलेली असते. अर्धवट उघडी झडप एका माणसापुरती हवा देऊ शकते. चार माणसांची मागितली की तिची लंगडी बाजू दिसते. याच कारणाने पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली छोटी गाळणी तुंबली, तरी ती उथळ पाण्यात चुगली करत नाही. त्या गाळणीचा रंगही वाचता येतो: हिरवट असेल तर आत ओल शिरून धातू गंजला आहे, तांबूस असेल तर पोलादी टाकीच्या आतला गंज आला आहे, काळसर असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडे संशयाने पाहावे. काही जुन्या, साध्या बनावटीच्या पहिल्या टप्प्यांत टाकीतला दाब उतरत गेला की श्वासही जड होत जातो. दुसऱ्या टप्प्यावरची ओढ कमी-जास्त करणारी कळ चुकीच्या बाजूला फिरलेली असते. मुखपट्टीला चीर गेली असेल तर हवेबरोबर पाणी येते. ही सगळी कारणे सापडणारी आहेत, दुरुस्त होणारी आहेत आणि म्हणून एका अर्थी दिलासा देणारी आहेत.

दुसरा अनुभव तसा नव्हता. त्याच समुद्रात, पुढच्या वर्षी, छत्तीस मीटरांवर एका खडकाळ सुळक्याला वळसा घालताना प्रवाह अंगावर आला. आम्ही दोघेही जोराने पाय मारत होतो. थोड्या वेळाने आमच्यापैकी एकाला तीच जाणीव झाली: हवा येते आहे, पण पुरत नाही. या खेपेस काटा पाहिला तर तो स्थिर होता. टाकीची झडप पूर्ण उघडी होती. रिवाजाप्रमाणे सोबत्याचा जादा रेग्युलेटर, ज्याला ऑक्टोपस म्हणतात, तोंडात घेतला. तरीही तेच. दुसऱ्याच्या टाकीची, दुसऱ्याच्या यंत्राची हवाही पुरेना, तेव्हा यंत्राला दोष देण्याची सोय उरली नाही. त्या क्षणी मनात जे येते ते भयंकर असते. यंत्र तोंडातून काढून टाकावे आणि मोठ्ठा श्वास घ्यावा, अशी अनावर इच्छा होते. भोवती पाणी आहे हे ठाऊक असूनही होते. सोबत्याने मनगट घट्ट धरले, खडकाचा आधार घेतला, पाय थांबवले आणि हाताने एकच खूण पुन्हा पुन्हा केली: सोड, सावकाश सोड. मग हळूहळू वर. पंचवीस मीटरांच्या आसपास श्वास परत आला.

किनाऱ्यावर ते उपकरण तपासायला दिले. कार्यशाळेतल्या माणसाने मधला दाब मोजला, दांडी पाहिली, पडदा पाहिला, चार वेळा फुसफुस करून हवा सोडली आणि निकाल दिला, “मशीन में कुछ नहीं है, सर. आप पॅनिक हो गए.” त्याच्या वाक्याचा पहिला भाग अचूक होता. दुसरा भाग पहिल्यातून निघतो असे त्याला वाटत होते, आणि आमचे भांडण आहे ते त्या ‘म्हणून’शी. यंत्र निर्दोष, म्हणून माणूस भित्रा. हा निकाल ऐकल्यावर आमच्यापैकी एकाने दोन वर्षे पाण्यात पाय घातला नाही. तोही समुद्राच्या भीतीने नव्हे. आपल्या स्वतःच्या साक्षीवर आता विश्वास ठेवता येणार नाही, या भावनेने. साहित्य शिकवणाऱ्याला ही भावना किती खोलवर लागते, हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मापनात न सापडलेला अनुभव खोटा ठरवण्याची घाई आपण वर्गाबाहेर रोजच पाहतो.

त्या दोन वर्षांत आम्ही वाचन केले, आणि वाचनातून एक तिसरा आरोपी सापडला. तो म्हणजे खुद्द हवा.

याची सुरुवात जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञापासून होते. १९०५ मध्ये त्याने आणि प्रीस्टली या सहकाऱ्याने दाखवून दिले की, आपल्याला श्वास घ्यायला भाग पाडतो तो प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड. रोजच्या परिस्थितीत ‘हवा हवी’ ही हाक प्राणवायूच्या अभावातून फारशी उठत नाही. ती उठते आत साचलेले बाहेर न पडल्यामुळे. त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाने त्याला खोल पाण्यातल्या पाणबुड्यांचा प्रश्न सोपवला. तांब्याचे शिरस्त्राण घालून, हातपंपाने पुरवलेल्या हवेवर काम करणारे हे लोक खोलवर गेले की धापा टाकत आणि काम सोडून देत. हाल्डेनने पंप तपासले, ते दाबाखाली गळतात हे पाहिले, आणि शिरस्त्राणात साचणारा कार्बन डायऑक्साइड हेच या त्रासाचे मूळ असल्याचे सिद्ध केले. खोली वाढेल त्या प्रमाणात हवेचा पुरवठाही वाढला पाहिजे, हा त्याचा उपाय होता. १९०६च्या त्या प्रयोगांच्या वेळी त्याने आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरवले होते. तो मुलगा म्हणजे पुढे भारताचे नागरिकत्व घेऊन १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तलेले जे. बी. एस. हाल्डेन.

आता मागणीनुसार हवा देणारी उपकरणे आली आणि पुरवठ्याचा प्रश्न सुटला. पण हवेचा दाटपणा उरला. जमिनीवर लिटरभर हवेचे वजन साधारण सव्वा ग्रॅम असते. एकतीस मीटरांवर ते ५.२ ग्रॅम होते, एकोणचाळीस मीटरांवर ६.२. ही दाट हवा श्वासनलिकांतून नेणे-आणणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते यंत्राने कितीही मदत केली तरी छातीलाच करावे लागते. तीस मीटरांवर माणूस जीव तोडून जितकी हवा आत-बाहेर करू शकतो, ती पृष्ठभागावरच्या जवळजवळ निम्मीच असते. शिवाय दाट हवेत उच्छ्वासाला एक मर्यादा येते. तिच्यापलीकडे कितीही जोर लावला तरी हवा वेगाने बाहेर पडत नाही. पाय जोराने मारले की कार्बन डायऑक्साइड अधिक तयार होतो, आणि नेमका तेव्हाच तो बाहेर टाकण्याचा रस्ता अरुंद झालेला असतो. घाबरून भराभर, उथळ श्वास घ्यावेत तर अर्ध्या लिटरच्या श्वासातली दीडशे मिलिलिटर हवा श्वासमार्गातच ये-जा करते, फुप्फुसाच्या कामी येत नाही. म्हणजे जितकी धाप, तितकी ती निष्फळ. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये हवेची दाटी शक्यतो ५.२ ग्रॅमच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ६.२ ग्रॅमच्या आत ठेवावी, अशी शिफारस केली. छत्तीस मीटरांवर, प्रवाहाविरुद्ध पाय मारत, आम्ही या दोन आकड्यांच्या मधोमध होतो.

मग यंत्राच्या चाचणीत हे दिसत का नाही? युरोपीय मानक ईएन २५० प्रमाणे रेग्युलेटरची परीक्षा पन्नास मीटरांच्या दाबाखाली होते; मिनिटाला ६२.५ लिटर हवा त्यातून ओढली जाते आणि लिटरमागे तीन ज्यूलहून अधिक श्रम लागता कामा नयेत, अशी अट असते. परीक्षा कडक आहे, पण ती देणारे फुप्फुस म्हणजे यांत्रिक दट्ट्या. तो थकत नाही, त्याच्यात कार्बन डायऑक्साइड साचत नाही, आणि त्याच्या श्वासनलिका अरुंद होत नाहीत. कार्यशाळेतली तपासणी तर त्याहून सौम्य: कोरड्या टेबलावर, एका वातावरणाच्या दाबाखाली. तिथे यंत्र निर्दोष ठरले ते खरेच. पण त्यावरून पाण्याखालच्या माणसाविषयी काही ठरत नव्हते.

या त्रासाची टोकाची नोंद मन सुन्न करणारी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या विवरात, सुमारे २७० मीटर खोलीवर, दहा वर्षांपूर्वी बुडालेल्या एका तरुणाचा देह वर आणण्यासाठी डेव्ह शॉ हा अनुभवी डायव्हर ८ जानेवारी २००५ रोजी उतरला आणि परत आला नाही. त्याच्याकडे आमच्यासारखा रेग्युलेटर नव्हता. सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारे यंत्र होते. त्याच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यात त्याच्या श्वासांचा आवाज मुद्रित झाला. तज्ज्ञांनी ते श्वास मोजले: काम करताना ते वाढत गेले, आणि दाट वायूत ते कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला अपुरे पडले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या धाडसी माणसाला भित्रा म्हणायला कोणी धजावणार नाही. मग छत्तीस मीटरांवरच्या सामान्य माणसालाच तो शब्द का लावावा?

भीती नव्हतीच, असा आमचा दावा नाही. ती होती आणि भरपूर होती. तिचा क्रम मात्र उलटा होता: आधी श्वास अपुरा पडला, मग भीती आली. कार्बन डायऑक्साइडला स्वतःचीच एक भीती असते, आणि ती स्वभावावर अवलंबून नसते.

आमचे पहिले धडे मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात झाले होते. तिथला प्रशिक्षक सांगायचा, “सर, श्वास घेवक बघू नकात. आधी सोडा. घेवचो तो आपसूक येता.” तेव्हा आम्हाला ती नवशिक्यांची समजूत काढण्याची रीत वाटली होती. आता तिच्यात हाल्डेनचे सारे शास्त्र दिसते. प्राणायामाची परिभाषा आपल्या परिचयाची आहे: पूरक, कुंभक, रेचक. यातला कुंभक पाण्याखाली वर्ज्य, कारण श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसातली हवा प्रसरण पावून ते फाटू शकते, आणि हवा वाचवण्यासाठी श्वासांत कंजुषी केली तरी कार्बन डायऑक्साइड साचतोच. पूरक आपोआप होतो. लक्ष द्यायचे ते रेचकाकडे.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा उतरलो. आता तीस मीटरांच्या खाली साध्या हवेवर जात नाही, आणि उतरण्यापूर्वी दोघेही एक गोष्ट मोठ्याने म्हणतो. श्वास जड झाला तर प्रथम पाय थांबवायचे आणि काही तरी धरायचे. मग लांब उच्छ्वास. मग काटा पाहायचा. तो श्वासाबरोबर हलत असेल तर झडप. स्थिर असेल तर सोबत्याचा रेग्युलेटर. त्यानेही भागले नाही तर कारण शोधत बसायचे नाही, वर निघायचे, मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक घाई न करता. चाळीस मीटरांवरून तीसवर आले की हवेची दाटी एक पंचमांशाने उतरते. औषध तेच आहे. आणि या सगळ्यात सोबत्याने एकदाही विचारायचे नाही, “खरंच त्रास होतोय का?” पाण्याखाली तसेही ते विचारता येत नाही. जमिनीवर आल्यावरही आम्ही ते विचारत नाही.